हाल आणि हालु

माझा दवाखाना मेटगळ्ळीच्या रस्त्यावर होता, पिठाची गिरणी आणि सायकलचं पंक्चर काढणारा यांच्या मधल्या गाळ्यात. डावीकडून पीठ उडून यायचं, उजवीकडून पंक्चरच्या सोल्युशनचा वास, आणि आत आमचं स्वतःचं फिनेल. पाटीवर गाईचं तोंड रंगवलेलं होतं, तरी एका बाईंनी एकदा रागीचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि "नुण्णगे" एवढंच म्हणून त्या बाहेर जाऊन बसल्या. नुण्णगे म्हणजे बारीक, मऊसूत. मी मात्र डबा उघडून आत आजारी पिल्लू कुठे आहे ते शोधत होते.

आम्ही म्हैसूरचे जुने मराठी. आमचे पूर्वज इथे कधी आले ते घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. वडील शिंपी, विठ्ठलाचे भक्त. एकादशीला मशीन बंद. ते म्हणायचे, भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा ज्याने त्याने आपापल्या भाषेला कुंपण घालून घेतलं, आणि आपण नेमके त्या वेळी बाहेर चरायला गेलो होतो. मी गुरांची डॉक्टर व्हायचं ठरवलं तेव्हा गल्लीत सगळ्यांची करमणूक झाली. "बापानं माणसांचं शिवलं, आता ही म्हशींचं शिवणार!" मी म्हणायची, म्हैसुरात राहायचं आणि म्हशींना भ्यायचं, हे कसं चालेल? वडिलांनी मात्र मला कधी हसण्यावारी नेलं नाही. पहिल्यांदा जखमेला टाके घालणार होते तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "कापड कुठं ओढतंय ते बघ, मग सुई घाल." तो सल्ला गाईच्या कातडीलाही लागू पडला.

घरी आम्ही मराठी बोलायचो. निदान आमचा तसा समज होता. "सुम्ने बस की गं," "ऊटा झाला का," "हौदु, हौदु, येतो की," गप्पला सुम्ने, जेवणाला ऊटा, होयला हौदु, हे सगळं आम्ही मराठी म्हणूनच बोलायचो. 'दूध' हा शब्द आमच्या घरात होता, पण तो देवासाठी राखलेला. विठ्ठलाच्या नैवेद्याला दूध. कॉफीत घालायचं, मांजर पिऊन जायचं, उतू जायचं ते सगळं हालु. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "हालु बघ गं, हालु!" आणि आम्ही धावत जाऊन गॅस बंद करायचो.

दवाखान्यात तर दिवसभर दुसरा विषयच नसायचा. सकाळी मी स्कूटरवरून वरुणा गावाच्या बाजूच्या खेड्यांत जायची. तिकडे भात, ऊस आणि दारोदार गाई. कुठे गाय अडलेली, कुठे व्यायल्यावर वार पडलेली नाही, कुठे बैलाचं पोट फुगलेलं, कुठे खुरात खिळा. पण गाईला काही का झालेलं असेना, मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "हालु कम्मी आगिदे, डॉक्टरम्मा." दूध कमी झालंय. गाईला ताप आहे, ती दोन दिवस उभी राहिलेली नाही, हे मागाहून कळायचं. मला त्याचा राग यायचा. एकदा एका म्हाताऱ्याला मी म्हटलंसुद्धा, की तुम्हाला ताप आला तर तुमची बायको डॉक्टरला काय सांगते, कामं कमी झाली आहेत म्हणून? तो शांतपणे म्हणाला, "हौदु. तेच सांगते."

संध्याकाळी दवाखाना. तेव्हा यायची ती कुत्री, मांजरं, शेळ्या, क्वचित पोपट. माझ्या हाताखाली एक अटेंडर होता, पन्नाशीचा, अंगापिंडाने चांगला थोराड. उधळलेला रेडा शिंगांना धरून उभा करायचा आणि मांजर आलं की पंक्चरवाल्याकडे गप्पा मारायला निघून जायचा. "अम्मा, रेड्याच्या मनात काय आहे ते कळतं," तो म्हणायचा, "मांजराचं काही गोत्तागल्ल." कळत नाही म्हणून भ्यायचं, हा त्याचा न्याय होता, आणि आता मला वाटतं तो माझ्यापेक्षा शहाणा होता. मी कळत नसलं की मान डोलवायची.

याला कारण होतं. एकदा कुणी एक तरुण इंजिनिअर, पुण्याकडचा, मांजर घेऊन आला. मराठी आहे म्हटल्यावर मी उत्साहाने बोलायला लागले. दोन वाक्यं त्याने ऐकून घेतली आणि मग अगदी सभ्यपणे इंग्रजीवर गेला. मला माझ्या मराठीचा अभिमान होता, तो असा मराठी माणूस समोर येईपर्यंत. त्या दिवशी मी मनाशी गाठ मारली, की यापुढे मराठी माणसापुढे 'समजलं नाही' असं म्हणायचं नाही. जे काय बोलतील ते समजलं. संपलं.

दवाखान्यात एक लोखंडी कपाट होतं. त्याच्या वरच्या फळीवर एक बाटली असायची, ज्या जनावराचं काहीच करता येत नाही त्याला शांतपणे झोपवण्यासाठी. ती मी फार थोड्या वेळा काढली. खेड्यांतल्या लोकांनी गाई-बैलांसाठी ती कधी मागितली नाही. मागायचे ते शहरातले, कुत्र्यांचे मालक. त्यांतले काही खरंच कळवळून मागायचे आणि काही घरात घाण होते म्हणून. कोण कुठल्यातला हे ओळखायची मला सवय झाली होती, असं मला वाटायचं.

तो माणूस आला तो एका शनिवारी संध्याकाळी. पंचेचाळिशीचा, मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात सुपरवायझर, बदली होऊन नुकताच आलेला. दोन्ही हातांवर एक गावठी कुत्रा, तांबूस, एक कान फाटलेला, आणि इतका वाळलेला की पाठीचा कणा दुरूनही मोजता यावा. टेबलावर ठेवला तसाच तो पडून राहिला. शेपटी तेवढी एकदा हलवली, तीही माझ्याकडे बघून नव्हे, त्याच्याकडे.

भिंतीवर विठ्ठलाचं चित्र बघून त्या माणसाने विचारलं, "तुम्ही मराठी?"

"हौदु. मराठीच की," मी म्हणाले.

तो हसला नाही, इंग्रजीवर गेला नाही, त्यामुळे तो मला लगेच आवडला. ते साताऱ्याकडचे. कुत्रा म्हातारा झालेला, सामानाच्या ट्रकमध्ये बसून त्यांच्याबरोबर इथपर्यंत आलेला. त्याला नाव होतं, पण नवरा-बायको दोघंही त्याला 'अरे'च म्हणायचे. इथे आल्यापासून त्याचं पोट बिघडलं होतं. जुलाब थांबत नव्हते, उठवत नव्हतं, सगळं जागेवरच. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. गोळ्या झाल्या, घरगुती उपाय झाले, गुण नव्हता.

"खातो काय?" मी विचारलं.

"काहीच नाही. आधी दूध-भाकरी खायचा. आता भाकरी सोडली. बायको सकाळ-संध्याकाळ पातेलंभर दूध पुढे ठेवते. तेवढं पितो. तेही तिच्याकडे बघून."

मी कुत्रा तपासला. हृदय त्याच्या वयाला साजेसं, ताप नाही, दात झिजलेले, अंगातलं पाणी मात्र पार आटलेलं. मी विचार करत होते की कुठून सुरुवात करावी. तेवढ्यात तो माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "डॉक्टर, त्याचे हाल थांबवा. मला बघवत नाही."

मला तो क्षण अजून स्पष्ट आठवतो, कारण मला आनंद झाला होता. इतक्या दिवसांत एक तरी शहाणा मालक भेटला! कुत्र्याला दूध पचत नसतं हे मी गावभर सांगून दमले होते. कुणी ऐकायचं नाही. आणि हा माणूस स्वतःहून म्हणतोय, त्याचं हालु थांबवा. शिवाय नवीन येऊनही त्याने आपला इथला शब्द उचलला, उच्चार जरा तोडका होता एवढंच. पुण्याच्या इंजिनिअरपेक्षा हा लाख पटींनी बरा, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

"थांबवते की," मी म्हणाले. "तेच करायला पाहिजे. तुम्ही म्हटलं नसतं तर मीच म्हटलं असतं."

त्याने मान हलवली. मग कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. जाताना म्हणाला, "पुढचं सगळं तुम्हीच बघा. घरी नेणं आम्हाला जमायचं नाही." मला वाटलं, बरोबर आहे, नव्या घरात रोज किती धुणार बिचारे! अटेंडर दारात उभा होता. त्या माणसाचा चेहरा बघून तो हळहळला, "पाप, पाप." ते ऐकून तो माणूस दचकला आणि मागे वळून न बघता निघून गेला.

मी कुत्र्याला कातडीखाली सलाइन दिलं, पोटाचं औषध दिलं, जंतांचं दिलं आणि मागच्या खोलीत गोणपाट टाकून त्याची सोय केली. अटेंडरला बजावलं, "याला हालु द्यायचं नाही. एक थेंबसुद्धा नाही. मालकाने स्वतः सांगितलंय."

मग आमच्याकडे आजाऱ्याला जे देतात ते सुरू झालं. आधी पातळ गंजी, म्हणजे पेज, मग आईच्या हातचा मोसरन्न, म्हणजे दहीभात, मीठ घालून चांगला कालवलेला. पहिल्या दिवशी साताऱ्याच्या त्या गड्याने त्याच्याकडे बघून तोंड फिरवलं. भाकरीवर वाढलेला जीव, त्याला भात म्हणजे काय वाटलं असेल कुणास ठाऊक! दुसऱ्या दिवशी चाटला. मग वाटी चाटूनपुसून लख्ख व्हायला लागली. जुलाब थांबले. एका सकाळी मी शटर वर केलं तर तो चारी पायांवर उभा होता, लटपटत, पण उभा, आणि माझ्यावर भुंकला. माझ्याच दवाखान्यात मला परकी समजून भुंकला. मला इतका आनंद झाला की मी गिरणीवाल्याला बोलावून आणून दाखवला.

आता मालकाने यावं आणि घेऊन जावं. पण मालक येईना. आठवडा झाला, आणखी काही दिवस झाले. "बरल्ल अम्मा," अटेंडर म्हणाला, "बिट्टु होगिद्दारे." येत नाहीत ते, टाकून गेलेत. मला ते पटत नव्हतं, आणि मग एकदम पटलं. घरी नेणं जमायचं नाही म्हणाला होता की! म्हणजे तो शहाणा मालक, आमचे शब्द शिकणारा, तो शेवटी घाणीला कंटाळलेल्यांतलाच. मी माणूस ओळखायला चुकले याचा राग, त्याच्या गोड बोलण्याला भुलले याचा राग, आणि संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला की तो कुत्रा कान टवकारून दाराकडे बघायचा, त्याचा सगळ्यांत जास्त. माझा राग लवकर येतो आणि उशिरा जातो. रविवारी मी रिक्षा बोलावली, कुत्र्याला मांडीवर घेतलं आणि कारखान्याच्या वसाहतीत गेले. पाण्याच्या टाकीशेजारचं घर, असं तो बोलता बोलता म्हणाला होता.

रिक्षात मी मराठीतून भांडणाची तयारी करत होते. पुरेशी वाक्यं जमत नव्हती. शेवटी ठरवलं, अर्धं कन्नडमध्ये भांडू.

दार बायकोने उघडलं. तिने आधी मला पाहिलं, मग खाली पाहिलं.  ती उंबऱ्यावरच मटकन बसली आणि कुत्रा माझ्या हातातली दोरी ओढत तिच्या अंगावर जाऊन पडला. तो तिचं तोंड चाटत होता, रडल्यासारखा आवाज काढत होता, आणि ती दोन्ही हातांनी त्याला चाचपून बघत होती, पाय, कान, पोट, पुन्हा कान. तिच्या मागे भिंतीवर खिळ्याला त्याचा पट्टा टांगलेला होता. त्याला हळद-कुंकू लावलेलं होतं.

नवरा बाहेर आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

मी ठरवलेलं भांडण सुरू केलं. "काय ओ साहेब, कुत्रं माझ्या दारात टाकून येता होय? विचारायलासुद्धा आला नाहीत!"

"पण डॉक्टर," तो अडखळत म्हणाला, "मी तर तुम्हाला त्याचे हाल थांबवा म्हणालो होतो."

"मग थांबवलं की! एक थेंब दिला नाही!"

 तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. त्याला वाटलं असणार, या बाईला वेड लागलंय. मला वाटत होतं, आता हा नाकबूल होणार. तेवढ्यात बायको डोळे पुसत उठली, आत गेली आणि पातेलं घेऊन आली. दुसरं काय आणणार? पातेलंभर दूध. ती ते कुत्र्यापुढे ठेवणार तोच मी ओरडले, "हालु नको! वहिनी, हालु थांबवलंय त्याचं!"

"काय थांबवलंय?"

"हालु. हे." मी पातेल्याकडे बोट दाखवलं. "दूध. यांनीच सांगितलं होतं."

तो माणूस हळूहळू खुर्चीवर बसला. "हाल म्हणजे दूध?" त्याने विचारलं.

"मग तुमच्याकडे काय?"

त्याने सांगितलं. मराठीत हाल म्हणजे यातना, दैना, जिवाची परवड. त्याने त्या संध्याकाळी कुत्र्याला मरण मागितलं होतं. निरोप घेऊन, डोक्यावर हात ठेवून गेला होता. घरी येऊन दोघंही जेवली नव्हती. आणि मी म्हणाले होते, "थांबवते की, तुम्ही म्हटलं नसतं तर मीच म्हटलं असतं." 

"तुमचा तो माणूससुद्धा जाताना मला 'पाप, पाप' म्हणाला," तो म्हणाला. "खरं सांगतो, तेव्हापासून मला झोप नाही. म्हटलं, परका माणूस, त्यालाही कळलं मी काय पाप करतोय ते."

"अय्यो! पाप म्हणजे बिच्चारा, साहेब! आमच्याकडे पाप म्हणजे बिच्चारा! तुम्हालाच बिच्चारा म्हणाला तो!"

आधी त्याची बायको हसली. ते हसू रडण्यातूनच निघालं होतं, थांबेना. तिने पातेलं उचलून कट्ट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "ताई, आमच्याकडे म्हण आहे. कुणाची फार दैना झाली की म्हणतात, त्याचे हाल कुत्रा खात नाही. आमच्या कुत्र्याने म्हैसूरला येऊन खाल्ले, आणि म्हणून मरायला टेकला." मग तोही हसला, मीही हसले, आणि ज्याच्यावरून हे चाललं होतं तो पट्ट्याच्या खाली पसरून झोपी गेला.

घरी येऊन सांगितलं तेव्हा वडील मशीनवरून उठून पोट धरून हसले. आई मात्र हसली नाही. म्हणाली, "आपल्याला येत नाही म्हणून तो वाचला की गं."

आईचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दूध एकटंच कारण होतं असं मी म्हणणार नाही. जंत होते, वय होतं, अंगातलं पाणी गेलेलं होतं. पण मला मराठी नीट येत असतं तर? तो माणूस कळवळून मागणाऱ्यांतला होता, हे लहान मुलालाही कळलं असतं. कुत्रा म्हातारा, हाडांचा सापळा, दोन ठिकाणी दाखवून झालेला. मी कपाट उघडलं असतं. खात्रीने उघडलं असतं, आणि आपण दयेचं काम केलं असं समजून त्या दिवशी घरी जाऊन जेवले असते. कुणाचं म्हणणं नीट समजलं की आपण पुढचं बघणं सोडून देतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. त्यानंतर कुणीही ती बाटली मागितली, कुठल्याही भाषेत, तर मी आधी विचारायची, "खातो काय?"

आणि समजलं नाही तर समजलं नाही म्हणायला लागले. सुरुवातीला जीभ अडायची. मग सवय झाली.

त्या घराशी जाणं-येणं सुरू झालं. वहिनी मला मराठी दिवाळी अंक वाचायला द्यायच्या आणि मी अडलेले शब्द विचारायची. हे एवढं लिहिण्यापुरती मराठी मला त्या घरानेच शिकवली. मी त्यांना बाजारात बोलण्यापुरती कन्नड शिकवली. कुत्रा लस टोचून घ्यायला यायचा, नखं कापायला यायचा, आणि बहुतेक वेळा नुसताच यायचा. साहेब बेळगोळकडे फिरायला नेताना त्याला दवाखान्यावरून न्यायचे, कारण त्याला अटेंडरच्या डब्यातला मोसरन्न लागायचा. मी दुरून ओरडायची, "हाल कसे आहेत?" ते ओरडून सांगायचे, "थांबवलेत!" पंक्चरवाला दर वेळी विचारायचा, यात हसण्यासारखं काय आहे, आणि त्याला समजावून सांगणं आम्हाला कधी जमलं नाही. त्या एका शब्दातली सगळी दुखरी बाजू आम्ही हसून हसून घासून टाकली होती.

असा तो त्यानंतर दोन उन्हाळे जगला.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्याने मोसरन्न सोडला. मूत्रपिंडं थकली होती. मी सलाइन दिलं, जे जे करता येत होतं ते केलं. चार दिवस बरा वाटायचा, पुन्हा पडायचा. उलट्या व्हायला लागल्या. डोळ्यांत ओळख होती, पण मान उचलवत नव्हती. मी त्यांना काही म्हणाले नाही. माझ्याच्याने म्हणवत नव्हतं; कपाटाकडे बघायचंही मी टाळत होते. आज थोडं पाणी प्यायला, आज रात्र बरी गेली, असं करत आम्ही तिघंही एकमेकांना फसवत होतो.

एका संध्याकाळी दोघं आले. या वेळी तीही आली होती. त्याने पूर्वीसारखाच दोन्ही हातांवर आणून टेबलावर ठेवला. शेपटी हलली नाही. अटेंडरने बघितलं आणि बाहेर जाऊन शटर अर्धं खाली ओढलं.

साहेब या वेळी भिंतीकडे वळले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, त्याचे हाल थांबवा."

मला समजलं होतं. तरीही तोंडातून निघून गेलं, कारण त्या एका शब्दाने एकदा त्याला वाचवलं होतं आणि आणखी एकदा वाचवावं असं मला फार वाटत होतं. मी विचारलं, "हालु?"

त्यांनी मान हलवली. "नाही बाई," ते म्हणाले, "मराठीत."

 मग वहिनींनी पिशवीतून एक छोटा डबा काढला. झाकण उघडलं तेव्हा वास आला. त्या मला विचारत होत्या, पण बघत होत्या त्याच्याकडे.

"इतके दिवस एक थेंब दिला नाही, ताई. आता चालेल ना?"

"चालेल," मी म्हणाले.

त्यांनी दुधात बोट बुडवून त्याच्या तोंडाशी नेलं. त्याने चाटलं. त्यांनी पुन्हा बुडवलं, त्याने पुन्हा चाटलं, डोळे मिटून, सावकाश. मी त्याचं होईपर्यंत थांबले, आणि मग कपाट उघडलं.